उलटवलेला डगला

आमच्या वन्सं नव्याचं जुनं करतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, म्हणून आधीच नीट सांगून टाकते. टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकेत एखादा सैनिक लढाईवरून परत आलेला दाखवायचा असला, की त्याच्या अंगावरचा डगला कालच शिवलाय असं दिसून चालत नाही. तो वर्षानुवर्षं अंगावर वागवलेला, भिजलेला, विटलेला दिसला पाहिजे. ते काम वन्संचं. पॉलिश पेपरनं कोपरं घासायची, तारेच्या ब्रशनं खांदे ओरबाडायचे, गळपट्टी मळवायची, मातीची पूड चोळायची, आणि सगळ्यात शेवटी डगला चहाच्या रंगाच्या पाण्यात बुचकळून, खिशात दगड घालून ओला टांगायचा. खिसे असे ओघळतात की बघणाऱ्याला वाटावं, या माणसानं दहा वर्षं त्यात हात घालून थंडी काढलीय.

आणि तो नवा कोरा डगला शिवतं कोण? मी! वीस वर्षं हेच चाललंय. मी मान मोडून एकेक टाका घालायचा आणि नणंदेनं तो घासून काढायचा. इतर घरांत म्हणतात, भावजयीनं केलेल्यावर नणंदेनं पाणी ओतलं. आमच्याकडे खरोखर ओततात, आणि वर त्याचा पगार घेतात.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आमच्याबरोबरच राहतात. केसांत कायम मातीची पूड, नखं तपकिरी, पिशवीत पॉलिश पेपरचे तुकडे. माझी मुलगी त्यांना धूळआत्या म्हणते आणि त्यांना ते आवडतं. पण एक खोड फार वाईट. नवी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. पोरीचे नवे बूट आणले, संध्याकाळी बघते तर टाचा झिजवून ठेवलेल्या. "बरे दिसत नव्हते गं, फार चकचकीत होते," म्हणे! नवा सोफा आला तेव्हा टीव्ही बघता बघता त्याच्या हातावर यांचा अंगठा फिरायला लागला. मी चहाचा कप त्यांच्या हातात कोंबला म्हणून सोफा वाचला. त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. डोकं भलतीकडे आणि हात आपले कामावर.

तर अशा वन्संच्या आयुष्यात एक दिवस ती बातमी आली.

आम्ही दोघी एका स्टुडिओच्या कपडेखात्यात काम करतो. लांबलचक खोली, एका भिंतीला माझी मशीन आणि दोन शिंपी, दुसऱ्या टोकाला नळाजवळ वन्संचं मातीचं राज्य. तिथं एका दुपारी आमच्या डिझायनरबाई आल्या आणि म्हणाल्या, "ऐका सगळ्यांनी. आपण 'ती' कादंबरी करतोय."

कुठली म्हणून कुणी विचारलंच नाही. ती कादंबरी ज्या घरात नाही असं घर आमच्या शहरात सापडायचं नाही. वाचलेली नसली तरी असते. वन्सं सैनिकांच्या बुटांच्या ढिगाऱ्यावर मटकन बसल्या. "आपली कादंबरी?" त्यांनी विचारलं. आपली! जशी काही माहेरची.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. लहानपणी वन्संना टायफॉइड झाला होता. डोकं उचलवायचं नाही, डोळे उघडवायचे नाहीत. तेव्हा सासूबाईंनी उशाशी बसून ती अख्खी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली. वन्सं सांगतात, "ताप उतरला त्याच दिवशी वेशीचा दरवाजा उघडला." कादंबरीतला दरवाजा, बरं का. पुढे त्यांनी ते पुस्तक स्वतः कधी वाचलंच नाही. गरजच पडली नाही. सगळी कादंबरी त्यांच्या कानात आहे, आईच्या आवाजात.

तो दरवाजाचा प्रसंग तर लहान पोरंही सांगतील. किल्लेदार लाल डगला शिवून घेतो आणि शपथ घेतो की वेढा उठून दरवाजा उघडेल त्याच दिवशी हा अंगात घालीन. डगला पेटीत राहतो आणि किल्लेदार लढाईत पडतो. लोकांचा धीर सुटतो, किल्ला शत्रूच्या हवाली करायचं ठरतं. तेव्हा त्याची मुलगी पेटी उघडते, बापाचा डगला अंगावर चढवते आणि दरवाजाकडे चालायला लागते. लोकांना लाल रंग दिसतो आणि सगळं शहर तिच्या मागं उभं राहतं. आणि ते प्रसिद्ध वाक्य: 'डगला कोरा होता, त्यावर फक्त वाट पाहिल्याच्या घड्या होत्या.' हे वाक्य वन्सं दर वेळी डोळे मिटून म्हणतात. आणि मी? मी शिंपीण आहे, मला आधी घड्या दिसतात. पण खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा येतो.

मालिका सुरू झाली आणि आमच्या घराची कोर्टकचेरी झाली. सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या. लांबचं त्यांना लख्ख दिसतं, समोरच्या घराच्या गच्चीवर कोण उभं आहे ते सांगतील. पण जवळचं वाचायला चष्मा लागतो, नाहीतर अक्षरांच्या मुंग्या होतात. एपिसोड सुरू झाला की त्या पुस्तक मांडीवर घेऊन बसायच्या आणि दर पाच मिनिटांनी फर्मान सुटायचं, "पुस्तकात असं नाही!" किल्लेदाराचा घोडा काळा दाखवला, पुस्तकात असं नाही. स्वयंपाकीण हसली, पुस्तकात ती हसतच नाही. एकदा मालिकेचे लेखक माझ्या आग्रहाखातर घरी चहाला आले. बिचाऱ्यानं कप तोंडाला लावला नाही तोच सासूबाई म्हणाल्या, "मुलीला दोन काका होते. एक कुठं गेला?"

लेखक म्हणाले, "आजी, दोघं एकच बोलत होते हो. म्हणून दोघांचा एक केला."

"माझे दोन्ही दीरही एकच बोलायचे," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून मी एकालाच जेवायला वाढलं का?"

लेखक पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत.

शेवटी दरवाजाच्या प्रसंगाचा दिवस ठरला. गावाबाहेरचा जुना दगडी दरवाजा एका दिवसापुरता मिळाला होता. घोडे त्याच दिवसाचे, शेदोनशे माणसांची गर्दी त्याच दिवसाची, आणि दिग्दर्शकांना सूर्य मावळतीला टेकतानाचाच उजेड हवा होता. लाल डगला मी शिवला. माझ्या हातून याआधी असं काही शिवून झालं नव्हतं आणि पुढे होईल असंही वाटत नाही. कापड खास रंगवून घेतलं होतं, दोन्ही अंगांनी सारखं, घट्ट विणीचं लोकरी. पुढच्या भागांसाठी जुना करायला म्हणून दुसरा डगला लागणार होता, पण त्याचं कापड अजून रंगाऱ्याकडेच पडलं होतं. म्हणजे त्या दिवशी सगळ्या जगात हा एकच. डिझायनरबाईंनी चार वेळा बजावलं, "याला धुळीचा कण लागता कामा नये."

त्या सकाळी वन्सं माझ्याआधीच घरातून निघाल्या. सकाळी चहा घेतला नाही, की माझ्याशी भांडल्या नाहीत, इतक्या आनंदात होत्या. आदल्या आठवडाभर त्या सैनिकांचे डगले जुने करत होत्या आणि त्यातले शेवटचे काही राहिले होते. मी मागाहून खोलीत शिरले, तर नळाजवळून त्यांचा आवाज येत होता. गाण्यासारखा. कादंबरीतला तोच प्रसंग म्हणत होत्या. "...मुलीनं पेटीचं झाकण उचललं. डगला कोरा होता, त्यावर फक्त..." आणि म्हणता म्हणता खर्र, खर्र, खर्र, पॉलिश पेपर चालला होता.

कशावर? लाल डगल्यावर!

"वन्सं!" मी अशी किंचाळले की बाहेर गाड्या धुणारा माणूस आत डोकावला.

त्यांनी वर बघितलं. मग खाली बघितलं. दोन्ही कोपरं घासून पांढुरकी झालेली, खांद्यावर ब्रशचे ओरखडे, गळपट्टीवर माती. चहाच्या पाण्याची बादली बाजूला भरून ठेवलेली, त्यात बुडवायचाच काय तो राहिला होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला पेपर गळून पडला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा तर बापाचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय काय बोलले ते मला आठवत नाही, आणि आठवलं तरी इथं सांगण्यासारखं नाही. "तोंडानं कोरा म्हणताय आणि हातानं काय करताय?" एवढं मात्र तीनदा तरी म्हणाले असेन. एरवी माझ्या एका शब्दाला वन्संचे चार तयार असतात. त्या दिवशी त्यांनी फक्त गळून पडलेला पेपर उचलला. मग हळूच म्हणाल्या, "आईला काय सांगू गं मी?"

नोकरीचं नाही, डिझायनरबाईंचं नाही, आईला काय सांगू. माझा राग तिथल्या तिथं विरला आणि त्याच्या जागी भीती आली.

डिझायनरबाई आल्या. त्या ओरडणाऱ्यांतल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांची जास्त धास्ती वाटते. डगला हातात घेतला, उजेडात धरला, परत टेबलावर ठेवला. दिग्दर्शकांना फोन केला. दिवस पुढे ढकलता येणार नव्हता. मग आम्हाला म्हणाल्या, "भांडारात निळा डगला आहे. नवा आहे. तो घालू."

"निळा?" जाड्या मास्तर म्हणाले. आमच्याकडे दोन शिंपी, एक जाड्या मास्तर, एक बारीक मास्तर. "बाई, लोक टीव्ही फोडतील."

"मग संध्याकाळपर्यंत मला लाल आणून द्या." त्या वन्संकडे वळल्या. आवाज चढला नाही. "नाही झाला, तर ताई, उद्यापासून तुम्ही येऊ नका. वाईट वाटतंय मला, पण नका येऊ."

त्या गेल्या. मी चिडून तो डगला उचलला, खरं तर भिरकावून द्यायलाच उचलला, आणि त्याचा घेर उलटा पडला. खालचं अस्तर मी नेहमी सुटं ठेवते. ते बाजूला झालं आणि आतलं अंग दिसलं. लालभडक. जसंच्या तसं! पाण्यात बुडवला नव्हता ना! घासलं होतं ते सगळं वरच्या अंगाला.

माझे वडील शिंपी होते. त्यांच्या काळी लोक विटलेला कोट टाकून देत नसत, उलटवून घेत. सगळा उसवायचा, प्रत्येक तुकडा पालटायचा, आतलं अंग बाहेर घ्यायचं आणि पुन्हा शिवायचा. गिऱ्हाईक पुन्हा नवा कोट घालून मिरवायचं. हे काम मी लहानपणी नुसतं बघितलं होतं, आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण मी मोठ्यानं म्हणाले, "होतोय हा! उलटवायचा!"

"एका दिवसात?" बारीक मास्तर म्हणाले.

"एका दिवसात नाही, अर्ध्या दिवसात. बोलण्यात घालवू नका."

"मी काय करू?" वन्संनी विचारलं. लहान मुलीसारखा आवाज.

"उसवा!" मी म्हणाले. "वीस वर्षं माझी शिवण न विचारता बिघडवलीत, आज परवानगीनं बिघडवा!"

आणि काय उसवलंय म्हणून सांगू! माझा टाका कुठं सुरू होतो आणि कुठं मी गाठ लपवते, हे त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. कापडाचा एक धागा तुटू दिला नाही. बाह्या सुटल्या, पाठ सुटली, पुढचे दोन्ही भाग सुटले. टेबलावर सगळा डगला लाल तुकड्या-तुकड्यांत पसरला. आता मागं फिरायला वाट नव्हती. जाड्या मास्तरांनी जुन्या टाक्यांची भोकं वाफेनं बुजवली. बारीक मास्तर कच्चा टाका घालत सुटले. मी मशीनवर. दुष्काळात तेरावा महिना म्हणून बॉबिन अडकली, तिला मी अशा शिव्या घातल्या की ती घाबरून सुटली. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवायला लागला. वन्सं खिडकीतून त्याच्यावर खेकसल्या, "थांब रे मेल्या, किल्लेदार तयार होतोय!" म्हटलं, चला, बाई जिवंत आहे.

काजांपाशी आल्यावर माझ्या ध्यानात आलं. डगला उलटला की डावा भाग उजवीकडे जातो. काजं होती डावीकडे, पुरुषी डगल्याची असतात तशी. आता ती उजवीकडे आली. म्हणजे बटणं डावीकडे. बायकांच्या कपड्यासारखी. मी डिझायनरबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बटणांकडे कोण बघतंय? आणा लवकर!"

आणला. गाडीत मी डगला दोन्ही हातांवर आडवा घेऊन बसले होते, बाळ धरावं तसा. शेजारी वन्सं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"हातांचा भरवसा नाही मला," त्या म्हणाल्या. मला हसू फुटलं, त्यांनाही. सकाळपासून पहिल्यांदाच.

दरवाजापाशी नुसती धमाल उडाली होती. घोडे फुरफुरत होते, गर्दीतली माणसं भाले टेकून मोबाईल बघत होती, दिग्दर्शक शिडीवर चढून सूर्याला हात दाखवत होते, जणू तो त्यांचं ऐकून थांबणार होता. डिझायनरबाईंनी डगला घेतला, फिरवून फिरवून बघितला, शिवणीवरून बोट फिरवलं. आणि तो थेट नायिकेच्या पेटीत नीट घडी घालून ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. आणि 'ॲक्शन' ऐकू आलं तसा तो भांड्यातून बाहेरही आला.

कारण एक गोष्ट राहिली होती. नायिकेला कुणी सांगितलंच नव्हतं!

ती पोरगी मेहनती. तालमीच्या डगल्यावर आठवडाभर सराव केलेला. दिग्दर्शकांनी ठरवून दिलं होतं, खाली न बघता, नजर दरवाजावर ठेवून, एकेक बटण लावत चालायचं. राणीसारखं. आणि तालमीचा डगला पुरुषी होता. मी वन्संचा दंड धरला. "बटणं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. वन्संना कळलं. त्यांनी डोळेच मिटून घेतले.

नायिकेनं पेटी उघडली. डगला उचलला. लाल रंगावर तिरपा उजेड पडला आणि गर्दीतनं 'अहाहा' असा आवाज आला, जो कुणी लिहून दिलेला नव्हता. तिनं डगला चढवला. नजर दरवाजावर. हात बटणाकडे गेला आणि तिथं बटण नव्हतं.

हात तिथंच थबकला. तिनं पुन्हा चाचपलं. नाही. तिची नजर खाली आली. आता तिनं दोन्ही हातांनी शोधायला सुरुवात केली, एक बटण सापडलं, ते भलत्याच काजात गेलं, ते सोडवलं. चेहऱ्यावरचं राणीपण सगळं गळून पडलं आणि उरली ती बापाचा डगला घालता न येणारी एक पोर. तिनं शेवटी डगल्याच्या दोन्ही कडा नुसत्या मुठीत आवळल्या, छातीशी घट्ट धरल्या, आणि तशीच दरवाजाकडे चालायला लागली. रडत होती. खरं रडत होती.

मी 'कट'ची वाट बघत होते. कुणी म्हणेना. गर्दीतला एक भालेकरी पुढे आला, मग दुसरा, मग सगळे. कोण नाटक करत होतं आणि कोण नाही, सांगता येत नव्हतं. दरवाजा कुरकुरत उघडला, सूर्य बरोब्बर मधे, आणि मग कुठं दिग्दर्शक शिडीवरून 'कट' म्हणून ओरडले. आवाज फाटला होता त्यांचा. सगळा माळ टाळ्यांनी दणाणला. घोडे बिथरले!

"पुन्हा घ्यायचा?" कुणीतरी विचारलं.

"खबरदार!" दिग्दर्शक म्हणाले.

वन्संनी डोळे अजून उघडले नव्हते. "झालं का गं?" त्या विचारत होत्या. "वाटोळं झालं का?" मी काय सांगणार? मी नुसती नाक पुसत होते. तेवढ्यात डिझायनरबाई आल्या आणि सैनिकांच्या डगल्यांचं गाठोडं वन्संच्या हातात दिलं. "हे उद्या सकाळी हवेत. आणि त्याला," त्यांनी लाल डगल्याकडे बोट केलं, "हात लावायचा नाही."

नोकरी वाचली. मी घरी नाचतच आले. पण वन्सं नाहीत. त्यांचं खरं कोर्ट घरात बसलं होतं, मांडीवर पुस्तक घेऊन.

तो एपिसोड लागायला मधे काही आठवडे गेले आणि तेवढ्यात वन्सं वाळून निम्म्या झाल्या. "आईनं मला कसं वाचून दाखवलं होतं," त्या म्हणायच्या, "ताठ मानेनं एकेक बटण लावते ती. एकदाही खाली बघत नाही. आणि मी काय करून ठेवलं?" मी म्हणायचे, अहो, सगळे रडले. त्या म्हणायच्या, "सगळ्यांनी मला वाचून दाखवलं नव्हतं."

त्या संध्याकाळी आमचे हे लवकर आले, पोरगी अभ्यास टाकून आली, शेजारच्या काकू स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. सासूबाई मधोमध. वन्सं दाराशी, पळायची सोय ठेवून. पेटी उघडली. डगला निघाला. "वा!" सासूबाई म्हणाल्या. "कोरा दिसतोय हो, सूनबाई." माझ्याकडे बघून म्हणाल्या, वीस वर्षांत पहिल्यांदा. मी फुगले. वन्संनी मान खाली घातली.

मग तो हात बटण शोधायला लागला.

मी पडद्याकडे बघतच नव्हते, सासूबाईंकडे बघत होते. त्या पुढे वाकल्या. तोंड उघडलं. आलं, आता आलं ते फर्मान. पोरीनं डगला मुठीत धरला, दरवाजा उघडला, जाहिराती लागल्या, तरी सासूबाई गप्प.

वन्संना ते सोसवेना. त्या पुढे आल्या आणि आईच्या पायाशी खाली बसल्या. "आई, ते माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "मी डगला घासला, मग हिनं उलटवला, त्यानं बटणं फिरली. पुस्तकात असं नाही. मला माहीत आहे, पुस्तकात असं नाही." आणि हमसून रडायला लागल्या, साठीला टेकलेली बाई.

"कोण म्हणतं नाही?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. मोठ्यानं, स्वच्छ, एका लयीत. "'डगला कोरा होता, त्यावर फक्त वाट पाहिल्याच्या घड्या होत्या. मुलीनं तो अंगात घातला. तिचा हात बटणाकडे गेला, पण बापाचं बटण कुठल्या बाजूला असतं हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं चाचपलं. सापडेना. तेव्हा तिनं डगला दोन्ही मुठींत धरला आणि म्हणाली, बाबा, असाच येते.'" मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचंही वाचलं, घोडे, लोक, दरवाजा, सगळं. "त्या वेळी तुला ताप फार होता," त्या म्हणाल्या. "एवढं ऐकायचं राहून गेलं असेल."

वन्संनी आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. "पुन्हा वाच ना," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी पान मागं उलटलं आणि पुन्हा सुरुवात केली.

त्यांचा वाचायचा चष्मा मी मघाशीच पुसायला घेतला होता. तो माझ्याच हातात होता. मी तो दिला नाही.